उभ्या रेषेचा चढ

कुमुदिनीबाईंनी लाल पेनाने शून्यावर इतक्या जोरात काट मारली की कागदच फाटला.

"x = 3 ही रेषा उभी आहे. तिचा चढ शून्य नसतो. महिनाभर घसा फोडतेय मी!"

तुळजाने फाटलेला कागद सरळ केला. त्रेचाळीस वर्षांची ही बाई चेन्नईतल्या मैलापूरच्या एका शाळेत शिपाई होती. दहावी पास झाली तर तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागणार होती. गणिताने तिला दोनदा आपटलं होतं, आणि दोन्ही खेपेला ती अर्ध्या तासात पेपर देऊन उठली होती. उद्या तिसरी खेप. तिचं घर तंजावरी मराठी, तेवढ्या धाग्यावर शेजारच्या नाशिककर कुमुदिनीबाई तिला शिकवत होत्या. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तो उतरतोही पटकन, पण हे समोरच्याला कसं कळावं?

"उद्या पास होण्याची आशा किती आहे, सांग बरं."

"पूज्यम्, अक्का," तुळजा म्हणाली. शून्याला ती तमिळ पूज्यम्च म्हणे. "राहू द्या यंदा. मी जात नाही पेपराला."

तिने हॉल तिकीट वहीत सारलं आणि वही मिटली. बाईंनी मिटलेल्या वहीवर हात ठेवला.

"थांब. शून्य का लिहिलंस, ते तरी सांग."

महिनाभरात हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

तुळजाने भिंतीवर हात ठेवला. "ही बघा की. इकडं कलली नाही, तिकडं कलली नाही. मग साय्वु पूज्यम्च की."

"साय्वु म्हणजे?"

"कलणं. आमच्या तमिळ पुस्तकात तेच लिहिलंय."

कुमुदिनीबाईंनी कपाळावर हात मारला, तोही स्वतःच्याच. एक चढ विचारत होती, दुसरी कल मोजत होती. मूर्ख कोण, ते आता उघड होतं.

"चुकलं माझं. कल सोडून दे. आपल्या मराठीत चढ म्हणतात, चढायचा चढ. वर किती गेलीस, त्याला पुढे किती गेलीस त्याने भागायचं. आपल्या गल्लीला चढ किती?"

"सपाट आहे. पूज्यम्."

"स्टेशनच्या जिन्याला?"

"अय्यो, तिथं आहे! माझ्या गुडघ्यांना विचारा."

"आणि या भिंतीला?"

तुळजाने भिंत खालून वर न्याहाळली. एक पाऊल उचललं, पण ठेवायला जागाच नव्हती.

"अस्कं, सगळं वरच आहे, पुढं काहीच नाही. पूज्यानं कसं भागायचं?" ती थबकली. "हे तर ठरवताच येत नाही, अक्का."

मराठी पाठ्यपुस्तकात नेमके हेच शब्द छापलेले असतात. बाईंचे डोळे भरून आले, म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या. परतल्या तेव्हा हॉल तिकीट वहीबाहेर आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर बाई छत्री धरून तीन तास उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनी डोकावून पाहिलं. कोणी आलं नाही. शेवटची घंटा झाली, पोरंपोरी बाहेर पडली आणि सर्वांत शेवटी तुळजा आली.

"आली होती का उभी रेषा?"

"नाही आली."

बाईंचा चेहरा उतरला. "मग? पास होशील ना गं?"

तुळजाने पदराने घाम पुसला आणि गालातल्या गालात हसली.

"ठरवता येत नाही."