पंचांचा मान

कल्पना कर, की तू सहावीत आहेस. शाळा सुटली आहे. फाटकापाशी मैत्रिणींचा घोळका आहे आणि समोर गटाराशेजारी एक माणूस आडवा पडला आहे. एक चप्पल पायात, एक रस्त्यावर. मैत्रीण विचारते, "ए, कोण गं हा?" तो तुझा बाप आहे. काय म्हणशील? घाईने उत्तर देऊ नकोस.

शकू म्हणाली होती, "काय माहीत कोण आहे."

ठाण्याच्या कोळीवाड्यातली ही शकू. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तिचा बाप नाथा खाडीत होडी घालायचा. त्या दिवशी तो पडला होता खरा, पण शुद्धीत होता.

घरी तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. त्याने ऐकलं असेल का, हे विचारायची शकूची हिंमत होईना. भाकरी वाढतानाही ती त्याच्याकडे बघायची नाही. चौथ्या दिवशी त्याने ट्रंकेतून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वर्षापूर्वी दिलेली. नाथाला वाचता येत नव्हतं.

"वाच, बाय. काय लिवलंय?"

"दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा. दोन पत्ते आहेत. एक खोपटचा. एक कल्याणचा, तिथल्या शाळेत, रविवारी पाच वाजता."

"खोपट नको. तिथं सगले वलखतात मना. कल्यानला जाऊ. तू चल, पाटी वाचाया."

रविवारी दोघं एसटीने निघाले. नाथाच्या काखेत एक पिशवी होती. शकूने धरायला मागितली, तर दिली नाही. कल्याणला उतरल्यावर पत्ता विचारायची वेळ आली. सभेचं नाव शकूच्या तोंडातून निघेना. तिने पानवाल्याला नुसती शाळा विचारली.

"आज शाळा कुठली, रविवार आहे," तो म्हणाला. मग नाथाकडे बघून हसला. "अच्छा, बेवड्यांची मीटिंग! मागच्या दाराने जा."

शकूचे कान तापले. ती बापाच्या चार पावलं मागून चालू लागली.

वर्ग दुसरीचा होता. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि छोट्या बाकांवर दहा-बारा मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. टेबलापाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला. "मी श्रीपाद. मी बेवडा आहे. सात वर्षं झाली, प्यायलो नाही." बाकीचे म्हणाले, "नमस्कार, श्रीपाद." असं एकेक जण उठून बोलला. शेवटी श्रीपादने नव्या पाहुण्याकडे पाहिलं.

नाथा उठला, टेबलापाशी गेला आणि लहानपणापासून जे बघितलं होतं तेच त्याने केलं. त्यांच्या वाड्यात चूक कबूल करायची, तर पंचांपुढे उभं राहायचं. पण रिकाम्या हाताने नाही. आधी पंचांचा मान ठेवायचा, मग तोंड उघडायचं. नाथाने पिशवीतून नारळ काढला, विड्याची पानं काढली आणि शेजारी दारूची भरलेली बाटली ठेवली.

"पंचांचा मान," तो हात जोडून म्हणाला. "मी गुन्हेगार हाय. दंड सांगा."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या बाकावरचे बाबुराव तोंड फिरवून ओरडले.

"श्रीपाद, ती उचल रे आधी! मला अकराच दिवस झालेत."

"मी कसा उचलू? सात वर्षं झाली, तरी हात तोच आहे ना," श्रीपाद म्हणाला. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

आपण काय करून बसलो, ते नाथाला आता कळलं. त्याची मान खाली गेली. "चुकलो. जातो मी," म्हणत त्याने बाटलीकडे हात नेला.

"भाऊ, थांबा," श्रीपाद म्हणाला. "ती घेऊन गेलात, तर स्टँडपर्यंतसुद्धा पुरायची नाही. इथे पंच कोणी नाही. सगळे गुन्हेगारच. बसा, काय सांगायचं ते सांगा."

नाथाने हात मागे घेतला, पण तो बसला नाही. फळ्याकडे बघत म्हणाला, "माज्या पोरीनं मना वलख दिली नाय. शालेसमोर. तिचा गुन्हा नाय. वलख द्यावी असा मी राह्यलोच नाय."

शकूला वाटलं, बाकाखाली शिरावं. म्हणजे त्याने ऐकलं होतं. चार दिवस तिच्या हातची भाकरी तो ते मनात ठेवून खात होता.

बाबुरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "हीच का ती?"

सगळ्यांच्या माना वळल्या. नाथाने एकदा लेकीचा लाल झालेला चेहरा बघितला.

"नाय, नाय," तो घाईघाईने म्हणाला. "ती शेजाऱ्याची हाय. पाटी वाचाया आनली."

शकू उठली. ती टेबलापर्यंत गेली.

"मी ह्यांचीच मुलगी," ती म्हणाली.

मग त्या वर्गात जिला कोणालाच हात लावता येत नव्हता ती बाटली तिने दोन्ही हातांनी उचलली, अंगणात मुलांच्या पाण्याच्या नळाखाली पार रिकामी केली, आणि परत येऊन त्या छोट्या बाकावर बापासाठी जागा ठेवून बसली.