दुकानापुरतं प्रकाशा

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हेमराजआबांचा एक नेम होता. दर शनिवारी प्रकाशाहून बसने शहाद्याला जायचं, रिषभच्या संगणकाच्या दुकानात बसायचं आणि गावाच्या वेबसाइटवर जुने फोटो चढवायचे. बॅरेज होण्याआधीची तापी, उन्हाळ्यात उघडं पडलेलं वाळूचं पात्र, त्यातले टरबुजांचे वेल, राखणीच्या झोपड्या. एका फोटोत तरुण हेमराज आणि त्यांचा मित्र नवल एकच टरबूज फोडून खात होते.

नवल सुरतेला गेला तो तिथलाच झाला. आबांनी त्याला साइटचं नाव मुद्दाम कळवलं होतं. फोनवर तो ख्यालीखुशाली विचारायचा. फोटोंबद्दल चकार शब्द नाही. आपण होऊन विचारणं आबांना जड गेलं. शेवटी त्यांनी फोन करणंच सोडलं. नवल गाव विसरला, एवढंच बायकोला म्हणाले.

दिवाळीला मुलगी रोहिणी पुण्याहून आली. ती नेटवर्कचं काम करते. आबांची साइट तिनेही कित्येक वर्षांत उघडली नव्हती. आता पाहते तर उघडेना. तिने तसं सांगितलं, तेव्हा आबांना ती सबब वाटली.

"शहादाले उघडस," ते म्हणाले. "चाल, दाखाडस."

दुकानात साइट लगेच उघडली. माझ्या फोनवरही दिसते, रिषभ म्हणाला. पण तो राहायचा दुकानाच्या वरच, आणि फोनला इंटरनेट दुकानाचंच.

रोहिणीने लॅपटॉप काढला. वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर पुष्कळ असतात, पण त्या नावाबद्दल अधिकाराने बोलणारे मोजकेच, हे तिने आबांना समजावलं. दुकानातल्या सर्व्हरला विचारलं, तर त्याने पत्ता दिला आणि उत्तरावर अधिकाराची खूणही लावली. रिषभ खूश झाला. मग तिने सगळ्या नावांची नोंद ठेवणाऱ्या वरच्या सर्व्हरांना विचारलं, या नावाचा अधिकार तुम्ही कोणाला दिलाय? त्यांनी भलत्याच दोन सर्व्हरांची नावं सांगितली. ती कंपनी कधीच बंद पडली होती.

तेव्हा रिषभला आठवलं. पूर्वी लाइन फार हळू चालायची, म्हणून त्याने साइटची नक्कल दुकानातच ठेवली होती आणि या नावाचं उत्तर तूच दे, असं आपल्या सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. पुढे विसरला. आबांचे फोटो त्या नकलेतच जात राहिले.

"खूण त्याची त्यानेच लावली आहे," रोहिणी म्हणाली. "वर त्याचं नावच नाही."

"घरमा बशीसन सोताले पाटील म्हनी लेवानं," आबा म्हणाले, "नि तहसीलमा नावच नही."

रिषभ हसला, मग मान खाली घालून कामाला लागला. दोघांनी साइट नव्या कंपनीकडे नेली आणि नावापुढे त्या कंपनीचे सर्व्हर नोंदवले. संध्याकाळी रोहिणीने वरच्या सर्व्हरांना पुन्हा विचारलं. नवी नावं आली. त्या सर्व्हरांना थेट विचारलं. उत्तर आलं, खुणेसकट. मग तिने आपला फोन दुकानाच्या इंटरनेटवरून काढला आणि आबांच्या हातात दिला. वाळू दिसली, वेल दिसले.

आबांचं लक्ष तिकडे नव्हतं. "म्हंजे नवलनी काहीच देखं नही?"

"कोणीच नाही, आबा. मीसुद्धा."

त्यांनी तिथूनच नवलला फोन लावला.

"जित्ता शे का रे तू?" पलीकडून आवाज आला.

आबांनी साइटचं विचारलं.

"ती कधी उघडनीच नही," तो म्हणाला. "माले वाटनं तू बंद करी टाकी. ईचारानी लाज वाटनी."

"आते उघाड," आबा म्हणाले, आणि फोन कानाला लावूनच थांबले. पलीकडे नवल चष्मा शोधायला नातीला हाक मारत होता.