गावावरून गेलेलं वादळ

कोंडीबाच्या सात पिढ्यांत समुद्र कुणी बघितला नव्हता. सांगोल्याच्या माळावरच्या धनगराला समुद्राशी काय देणंघेणं? टँकर आला की त्याच्यामागं घागर घेऊन पळणारी माणसं ही. पण अभिमन्यूला, म्हणजे कोंडीबाच्या एकुलत्या एका पोराला, मेंढरांमागं फिरणं नको झालं. तो मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर लागला. भर समुद्रात तेलाच्या विहिरी असतात म्हणे, आणि तिथल्या माणसांना धान्यापासून लोखंडापर्यंत सगळं नेऊन पोचवणारं ते जहाज. "समुद्रात विहिरी कशाला रं?" असं कोंडीबानं विचारलं, तेव्हा पोरगं पोट धरून हसलं. मग कोंडीबानं पुन्हा काही विचारलं नाही.

कोंडीबा गावच्या बिरोबाचा पुजारी. पूजा काय कुणीही करील, पण कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ओलं करून चिकटवायचं, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. लग्न जमवायचं, विहीर खोदायची, मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची, सगळं त्या दोन फुलांवर. एकजण तर डॉक्टरनं दिलेली गोळी घेऊ का नको, एवढ्यासाठी कौल लावून घ्यायला आला होता. कोंडीबानं तोही लावला. देवाला हसू आलं असेल तर ते देवाला ठाऊक.

त्या साली पाऊस असा रुसला की दसरा आला तरी ओढ्याला पाणी नाही. ज्वारीची पेरणी खोळंबली. धनाजी, ज्याची गावात सगळ्यात मोठी डाळिंबाची बाग आणि तेवढाच मोठा आवाज, तो लोकांना घेऊन देवळात आला. कोंडीबानं कौल लावला आणि उजवं फूल टपकन पडलं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" भंडारा उधळला, सगळे पिवळे होऊन घरी गेले.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात तिकडं बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. अभिमन्यूची बायको दिपाली फोनवर नकाशा बघून सांगायची, "मामा, आता आंध्रावर चढलंय. आता दुधनीच्या अंगानं आपल्याकडं यायलंय." नकाशावर पांढरा भोवरा दिसायचा. तो एवढाल्या देशावरून आपल्या माळाकडं निघालाय म्हटल्यावर कोंडीबाला आतून गुदगुल्या झाल्या. देवानं किती लांबून माणूस धाडलं! पाऊस आला तो उभा-आडवा आला. लोक वाटेत थांबून कोंडीबाच्या पाया पडले आणि त्यानंही, खोटं कशाला सांगू, पाय मागं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन्यूचा फोन आला.

"आबा, पडायलाय का तिकडं?"

"लई पडायलाय. तू कसा हायस?"

"मी बराय. पर त्ये तुमच्यावरनं सरकून आमच्याकडंच येनार हाय."

कोंडीबाला आधी समजलंच नाही. पाऊस पडला की संपला, तो पुढं कुठं जातो याचा विचार त्यानं जन्मात केला नव्हता.

"तुमच्याकडं कसं? हितं पडल्यावर संपलं की त्ये."

"जिमिनीवर त्येचा जोर मोडतो आबा. पर हितलं पानी यंदा लई गरम हाय. गरम पान्यावर आलं की पुन्हा जोर धरतंय."

उपाशी मेंढरू हिरव्या रानात सोडल्यावर कसं दोन दिवसांत भरतं, ते कोंडीबाला ठाऊक होतं.

"मग बंदरात या की! आबाळ आलं की वाड्यात घ्यायची असत्यात मेंढरं."

"जहाजाचं उलटं असतंय. धक्क्याला बांधलं तर आपटून फुटतंय. लांबच जायाला पायजे. आमी निघालोय दक्षिणंला, पर इंजन कुरकुर करायलंय, म्हनावा तसा वेग न्हाय." मग पोरगं म्हणालं, "आईला काय सांगू नका."

एवढं बोलून आवाज तुटला. कोंडीबानं दिपालीकडून पुन्हा पुन्हा फोन लावून घेतला, पण समोरून ती ठरलेली बाईच बोलत राहिली.

आईला सांगू नका म्हणे. गोजरबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

कोंडीबानं पोराच्या बोलण्यातला एकच शब्द घट्ट धरला: जमिनीवर जोर मोडतो. म्हणजे जितकं इथं थांबेल, जितकं इथं ओतेल, तितकं ते पोराकडं रिकामं होऊन जाईल. बुडत्याला काडीचा आधार! त्यानं तोंड वर करून म्हटलं, "पड. हितंच पड समदं." मेंढरांच्या वाड्याची भिंत बसली, गारठ्यानं कोकरं मेली, तरी तो म्हणत राहिला, पड. गोजरबाई मेलेलं कोकरू पदराखाली घेऊन बसली होती. तीसुद्धा म्हणाली, "पडू दे. काय ऱ्हायचं न्हाय आपलं तर न्हाय ऱ्हाऊ दे." ओढ्यापलीकडं कुणाचं तरी घर पडल्याचा आवाज आला आणि दोघांनाही क्षणभर बरं वाटलं. मग दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

दुपारी धनाजी आला, मागं निम्मं गाव. सगळे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"पुजारी, कौल लावा. आता पुरं म्हनावं देवाला. बाग आडवी झाली माजी. रानातली मातीबी वाहून गेली."

"जरा थांबा की अजून," कोंडीबा म्हणाला.

"थांबा? आनी काय बगायचं ऱ्हायलंय?"

तेव्हा कोंडीबानं सांगून टाकलं. हे इथून उठलं की समुद्रावर जाणार, तिथं पाणी गरम आहे, तिथं अभिमन्यू आहे. धनाजीसारखा माणूस, त्यानंही मान खाली घातली. गर्दीत शिवबाई होती, विधवा बाई, ओढ्यापलीकडं पडलेलं घर तिचंच. नातवंडांना देवळाच्या ओसरीवर बसवून आली होती. ती रागानं नाही, अगदी हळू बोलली, "आमचीबी लेकरंच हायती की रं दादा."

कोंडीबा उठला.

गाभाऱ्यात त्यानं फुलं ओली केली. आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. भंडारा पाण्यात कालवून त्याचा चिकट लगदा केला आणि उजवं फूल त्यानं देवाच्या खांद्यावर थापलं. डावं नुसतं टेकवलं. लोक दाराबाहेर होते, त्याच्या पाठीआड कुणाला काही दिसलं नाही. मग बाजूला सरून त्यानं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "बिरोबा, पाऊस आता जाऊ देशील का?" पोटात मात्र म्हणत होता, डावं पाड बाबा, डावं पाड, मी तुझ्याकडं माझ्यासाठी कधी काही मागितलं नाही.

दोन्ही फुलं बराच वेळ चिकटून राहिली. भिंतीतून पाणी झिरपत होतं, देवाच्या डोक्यावरून ओघळत होतं. मग उजवं फूल, त्या सगळ्या लगद्यासकट, घसरलं आणि खाली पडलं. डावं तिथंच होतं.

"चांगभलं!" बाहेर आरोळी उठली.

देवळाबाहेर यायच्या आत पाऊस बारीक झाला होता. वेळापूरच्या बाजूला आभाळ काळं होतं आणि पाठीमागं उघडत होतं. धनाजी रडत रडत कोंडीबाच्या पाया पडला. शिवबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. कोंडीबा चिखलातून घरी निघाला. आता त्याच्या लक्षात आलं, की देवानं आपलं ऐकलं असेल तर हे वादळ आपणच बोलावलं आणि आपणच पोराकडं धाडलं. आणि ऐकलं नसेल तर ते परत बोलवायची ताकद आपल्यात नाही. दोन्हीकडून मरण आपलंच.

दारात गोजरबाई उभी होती. आत दिपाली फोन कानाला लावून बसली होती, आणि अजून तो लागत नव्हता हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"उघडलं," गोजरबाई म्हणाली. "तुमी घालवलंसा?"

"न्हाय गं." कोंडीबा उंबऱ्यावर बसला. बापजाद्यांपासून जे कुणी तोंडातून काढलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघालं. "फुलात काय नसतंय. भिंतीतनं पानी आलं, वजनानं पडलं. देवबिव काय न्हाय त्यात."

गोजरबाई त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली.

"मग आता पोराचं कुनाला इच्यारायचं?"