बिनभुताचा खेळ

हे कोणाला पटणार नाही, पण जो खेळ चार हजार लोक खेळले आणि हात टेकून उठले, तो मी एका बैठकीत जिंकलो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, सोडाल्यातल्या माझ्या घरी, पंख्याखाली बनियनवर बसून. चौमूं गावी माझा विम्याचा पंचनामा चालू असताना मेलेली म्हैस उठून चरायला लागली होती, ते लोकांना पटतं. हे पटत नाही.

खेळ माझ्या मुलीनं केलेला. मैत्रेयी बंगळुरूला असते, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तिच्या खेळात पळापळ नसते, बंदुका नसतात. पडद्यावर एक चित्र, खाली एक-दोन ओळी, बटण दाबलं की पुढची ओळ. म्हणजे पुस्तकच, फक्त पान उलटल्याचा दोष तुमच्यावर येतो. हा खेळ भीतीचा. काळा पडदा, पांढऱ्या रेषांत एक बंद दार, बस्स. संगीत नाही, भूत नाही, रक्ताचा टिपूस नाही. दाराआडून एक बाई हाक मारते, "अहो, जरा येता का?" बारा मिनिटांत खेळ संपतो.

ती बाई म्हणजे विभा, माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिला आतल्या खोलीत धाप लागली, आणि बाहेर मी महाराष्ट्र मंडळाच्या माणसांना गोष्ट सांगत होतो. विभानं बंगळुरूला फोन लावून लेकीला सांगितलं, यांना हाक ऐकू जात नाहीये, तू फोन करून बघ. मैत्रेयीनं सात फोन केले. माझा फोन टीपॉयवर पालथा पडलेला. मी म्हणतो, हाक माझ्यापर्यंत आलीच नाही. वीस माणसं हसत होती, कशी येणार? मैत्रेयी म्हणते, त्या विसांतल्या दोघांना ऐकू आली होती, त्यांनीच नंतर तिला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी गॅस, औषधं आणि विजेचं बिल एवढ्यावरच बोलत आली.

यंदा ती चार दिवसांसाठी आली. गुरुवारी जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तिचं मराठी तुटक आहे, शाळा सगळी हिंदी-इंग्रजीत गेली. पण हे ती पाठ करून आल्यासारखं बोलली.

"बाबा, हे शेवटपर्यंत खेळा. मग आपण आईबद्दल बोलू. नाही खेळलात, तर मी सोमवारी जाईन आणि, मतलब, परत नाही येणार."

मी म्हटलं, बारा मिनिटांचं तर काम.

आता कामाची माझी एक पद्धत आहे. बत्तीस वर्षं मी एका विमा कंपनीत दावे तपासले. ऊठसूट जागेवर धावतात ते नवखे. मुरलेला माणूस आधी आजूबाजूच्यांचे जबाब गोळा करतो. गोठ्यातलं शेण तुडवावं लागत नाही, आणि अहवाल असा उतरतो की वाचणाऱ्याला म्हशीचा वास यावा. माझा एकही अहवाल कधी परत आला नाही. तर शुक्रवारी सकाळी मी शेजारच्या चंदनजींकडे गेलो. मोबाइलवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. म्हटलं, या खेळाखाली खेळणाऱ्यांनी काय काय लिहिलंय, ते जरा वाचून दाखवा.

काय एकेक माणसं असतात. एकानं लिहिलेलं, भूतच नाही तर भीतीचा कशाला म्हणता, माझी बारा मिनिटं परत द्या. इंदूरच्या एका मुलीनं चौथ्या हाकेला लॅपटॉप मिटला आणि आजीच्या खोलीत जाऊन बसली. एकाला दाराची रेघ हलल्याचा भास झाला. त्याच्याखाली तीस जणांनी शपथेवर लिहिलं की आमच्याकडेही हलली. कोणी म्हणे, शेवटी हाका थांबतात आणि दार तसंच राहतं, ते भुतापेक्षा वाईट. आणि कोट्याचा कोणी एक बहाद्दर, मी प्रत्येक हाकेला 'आलो' दाबलं, तरी ती बाई वाचली नाही.

तिथं चंदनजी थांबले. चष्मा काढून पुसत बसले.

"भाईसाहब," ते म्हणाले, "उस दिन भाभीजी की आवाज हमारे आँगन तक आई थी. सोचा, आप तो घर पर ही हैं."

मी म्हटलं, पुढचं वाचा. ते म्हणाले, पुढे काही नाही. मला तर त्यांच्या अंगठ्याखाली अजून बरंच दिसत होतं.

शनिवारी दुपारी मैत्रेयी मैत्रिणीकडे गेली, तेव्हा मी खेळायला बसलो. लॅपटॉप उघडला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. पंखा थांबला, पण खिडकीचा पडदा हलतच राहिला. पहिली हाक आली. मी 'आलो' दाबलं. दुसरी आली, 'आलो'. स्वयंपाकघरातला नळ आपोआप सुटला, मी उठलो नाही. बाकीचे लोक अशाच वेळी उठतात आणि हरतात. अकरा हाका झाल्या, अकरा वेळा 'आलो' दाबलं, बोट दुखायला लागलं. बाराव्या हाकेला ते दार, जे कोणासाठी उघडलं नव्हतं, ते उघडलं. आत पांढऱ्या रेषांतली विभा पलंगावर टेकून बसलेली, केस नीट विंचरलेले, हातात पाण्याचा पेला. म्हणाली, "अहो, मला काही झालेलं नाही. तुम्ही बाहेर जा, लोक खोळंबलेत." आणि पडदा पांढरा झाला. त्याच क्षणी वीज आली.

संध्याकाळी मैत्रेयीनं विचारलं, खेळलात? मी म्हटलं, शेवटपर्यंत. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, उद्या मंडळात ये, तिथंच ऐक. चार माणसं समोर असली की मला नीट सांगता येतं. रविवारी ती आली.

राजा पार्कला डॉक्टर भार्गवीताईंच्या हॉलमध्ये मी हे सगळं सांगितलं. तीच वीस माणसं, दोन-तीन कमीजास्त. नळ सुटला तिथं हशा आला. दार उघडलं तिथं भार्गवीताईंनी पदर डोळ्यांना लावला. दोन माणसं मात्र पूर्ण वेळ जमिनीकडे बघत बसली होती, ती कोण ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यावरून नजर काढून मैत्रेयीकडे बघितलं. ती मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. मला वाटलं, झालं, आता ही पुढे येईल, माझ्या शेजारी बसेल, आईबद्दल बोलेल. म्हणून शेवट मी जरा लांबवला. विभा दारापर्यंत मला पोचवायला आली, तिनं माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली, असं नवीनच सुचलं तेही सांगितलं.

"बाबा," मैत्रेयी म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. "त्या खेळात 'आलो' असं बटणच नाही. एकच बटण आहे. 'एवढी गोष्ट संपू दे.'"