टोकाचा नारळ

आमच्या पाटाला उन्हाळी पाणी सुटलं, की तोंडाशी पूजा होते आणि शेंडीचा नारळ पाण्यात सोडतात. वाटेत तो कुणी उचलायचा नाही. पाटाच्या टोकाला ज्याचं शेत, त्याचा तो नारळ. गडब गावाच्या अंगाला टोकाचं शेत माझं, म्हणून दरवर्षी मी बांधावर बसून त्याची वाट बघते. यंदा पाणी आलं, तेही करंगळीएवढं, पण नारळ काही आला नाही.

असेल कुठे झुडपात अडकला, म्हणून मी सोडून दिलं. यंदा मला कसली काळजी? पाणीवाटपाच्या कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा थोरला भाऊ होता. गुणाजीदादा रोह्याच्या कंपनीतून निवृत्त होऊन माझ्या माहेरी, कासूला शेती बघतो, आणि त्याची जमीन पाटाच्या तोंडाशीच. अख्ख्या गडबात दारोदार फिरून त्याच्या नावाला लोकांना मीच तयार केलं होतं.

भाऊबीजेला त्याने ताटात काही टाकलं नाही. म्हणाला, "विमल, यंदा तुझ्या टोकाला एक क्युसेक पाणी. हीच तुझी ओवाळणी."

"म्हंजे किती रे, दादा?"

"रॉकेलचा दीड डबा, गो. तू एक म्हणेस्तोवर दीड डबा पाणी पुढं गेलेलं असतंय. असं एकसारखं."

मी तो शब्द गावभर मिरवला. क्युसेक, क्युसेक. साडी मिळाली असती तर एवढी मिरवली नसती.

पाणी सुटल्यावर मी कासूला जाऊन आले. सरूवहिनीने खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या. छान झाल्या होत्या. नारळ आला नाही असं मी सांगितलं, तर दादा म्हणाला, "पोरांनी उचलला असंल." वहिनी आत चहा ठेवायला गेली.

पुढे भात निसवून लोंब्या टाकायला लागलं आणि जमिनीला भेगा पडल्या. मी पुन्हा दादाकडे धावले. त्याने मला पाटाच्या तोंडाशी नेलं. तिथे लोखंडी मोजपट्टी आहे, पाण्याची उंची बघून किती क्युसेक ते सांगणारी. पाणी बरोबर एकच्या रेघेला टेकलेलं.

"पट्टी काय खोटं बोलतेय? मधी कोनतरी चोरतंय. ती काशी बघ, तुझ्या वरच्या अंगाची."

झालं. मी तशीच काशीबाईच्या बांधावर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी माझं भात बघ, गो." तिचं भात माझ्यापेक्षा पिवळं पडलं होतं.

"तिथं पानी भरपूर हाय म्हणतेस," ती म्हणाली, "मग नारळ कुठं रायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेच्या दुकानातून मी नारळ घेतला, कुंकू लावलं आणि पट्टीपाशी सोडला. काशीबाई सोबत होती. नारळ पुढे सरकेना. तिथेच डुलत राहिला, मग हळूहळू काठाकडे वळला आणि बांधावर टाकलेल्या झावळ्यांखाली गेला. झावळ्या उचलल्या तर खाली बांध फोडलेला. पाणी तिथून धो धो दादाच्या शेतात चाललेलं. आणि पट्टीच्या खालच्या अंगाला पाण्यात फळ्या उभ्या करून दगडांनी दाबलेल्या. पिंपात साठावं तसं पाणी अडून उंच झालेलं. पट्टी उंची सांगत होती. पाणी पुढे चाललंय की नाही, हे तिला काय कळणार?

मी नारळाच्या मागे गेले, काशीबाई माझ्या मागे. कलिंगडांच्या वाफ्यात वहिनी पाठमोरी उभी होती. तिने तो उचलला, पदराला पुसला आणि हाक मारली, "अवो, अजून एक आला! ह्याच्या पन वड्या करू काय?"

त्या वड्या मी खाल्ल्या होत्या. उरलेल्या दोन पदरात बांधून घरी आणल्या होत्या.

दादा आला. मला बघूनही त्याच्या तोंडावर शरम काही दिसली नाही. "कलिंगडं भरायला आलीत, गो. ती निघाली की सगळं पानी तुलाच."

"तोवर माझं भात पळिंज होईल. दाणाच भरणार नाय."

"बोभाटा करू नको. भावाची अब्रू ती तुझी अब्रू."

"मी तुला ओवाळलं होतं, दादा. तुझ्या भरवशावर मी ह्या काशीबाईला चोर म्हटलं."

मी पाटात उतरले. मागोमाग काशीबाई उतरली. दोघींनी मिळून फळ्या उपटल्या आणि त्याच फळ्यांनी बांधाचं भगदाड बुजवलं. पाण्याने एकदम उसळी घेतली आणि ते चालू लागलं. पट्टीवर मात्र ते एकच्या रेघेखाली उतरलं.

दादा काठावरून ओरडला, "विमल, आकडा पडला बघ! कमिटीला काय सांगू मी?"

"सांग, काशीनं चोरलं," मी म्हटलं. काशीबाई माझ्या शेजारीच उभी होती, कमरेपर्यंत चिखलाने भरलेली.

वहिनीने नारळ पुढे केला. मी घेतला नाही.

पाण्याच्या बरोबरीने चालत आम्ही गडबला आलो. माझ्या भाताला पाणी लागलं तेव्हा काशीबाई म्हणाली, "आलं गो तुझं पानी." आणि मी बांधावर बसून, माहेरचं कुणी गेल्यासारखी, मोठ्याने रडले.