मॉस्कोकडे निघालेली गाडी

"नेपोलियनची फौज मॉस्कोकडे निघाली," शालनने वाचलं, आणि सवयीने पुन्हा वाचलं, "नेपोलियनची फौज मॉस्कोकडे निघाली."

"फलाट नंबर पण सांग ना मावशी," दाराशी बसलेला दिपेश म्हणाला.

वस्तीतल्या बुद्धविहारात हशा पिकला. भिंतीला टेकून बसलेली प्रियांकाही हसली. "ए, तू गप रे! मावशी, तू वाच."

शालनने घसा खाकरला. हल्ली आवाज घोगरा येत होता आणि सारखं पाणी प्यावं लागत होतं.

सगळी नोकरी तिने खोपटच्या एसटी स्टँडवर माइकपुढे काढली होती. तिथे एकदा सांगून कुणाला कळत नाही. कुणी पोरं गोळा करत असतं, कुणी गाठोडं आवळत असतं. म्हणून सगळं दोनदा. निवृत्त झाली तरी जित्याची खोड थोडीच जाणार! भाजीवालीकडे "पाव किलो भेंडी" दोनदा म्हणायची आणि घरी अर्धा किलो घेऊन यायची.

प्रियांकाला जन्मापासून दिसत नव्हतं. बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक तिचा मोबाइल वाचून दाखवायचा, पण जोडाक्षर आलं की त्याला ठेच लागायची, आणि त्याच्या तोंडी वॉटर्लू काय नि वीजबिल काय, सगळं सारखंच. ते ऐकून शालनच एके दिवशी म्हणाली होती, दे इकडे, मी वाचते. तेव्हापासून रोज संध्याकाळी विहारात सतरंजी पडायची. हळूहळू वस्तीतली इतर माणसंही येऊन टेकू लागली. दिपेश रिक्षा लावून यायचा. कोळीवाड्यातली जनी मासळी विकून घरी जाता जाता रिकामी पाटी उतरवून बसायची. शालन वाचू लागली की खाडीचा वारा आत यायचा, डोळे आपोआप मिटायचे आणि सगळे मिळून कुठेतरी निघालेले असायचे, बर्फातून, परक्या नद्यांवरून. शालनसुद्धा. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या होत्या, स्वतः लांब कुठे गेली नव्हती. आता ती जात होती, आणि फार सुखात होती.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, आवाजाचं मात्र सांगता येत नाही.

त्यात प्रियांकाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोर तर तिच्यावर जीव टाकायची. हे कळलं तर तिचं अभ्यासातलं लक्षच उडालं असतं. शालनने दिपेशला आणि जनीला बाजूला घेतलं.

"तिला काही बोलायचं नाही. मी बहिणीकडे नाशिकला गेलेय म्हणून सांगा. पेपर झाला की मग बघू. आणि तोवर वाचायचं तुम्ही."

"मी? अगं मावशी, बारावी नापास आहे मी."

"डोळे आहेत ना? मग वाच."

जनी म्हणाली, "मना तं वाचाला येत नाय गो बाय. पन माजी सून शिकलेली हाय, मनाली. तिला धारतंय मी हितं वाचाला."

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र आला नाही. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर पडायची.

पेपरच्या आदल्या दिवशी शालनला राहवेना. गळ्याभोवती पदर गुंडाळून, अंगाला दवाखान्याचा वास तसाच घेऊन, ती हळूहळू विहाराच्या पायऱ्या चढली. आत सतरंजी भरलेली होती. दिपेश अडखळत वाचत होता. फौज मॉस्कोहून परत निघाली होती आणि वाटेत माणसं गळत होती.

"दादा, परत वाचा ते," मनाली म्हणाली. "इथे दोनदा वाचायची पद्धत आहे ना?"

दिपेशने निमूटपणे पुन्हा वाचलं. शालन दारातच थांबून ऐकत होती. तेवढ्यात दिपेशने मान वर केली, ती दिसली आणि तो अर्धवट उठलाच.

"कोण आलं?" प्रियांकाने विचारलं.

शालनचे ओठ हलले. अगं, मी आलेय, मावशी. पण शब्द काही बाहेर पडला नाही. दिपेशने सांगू का म्हणून तिच्याकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"एक बाई आहेत," तो कसाबसा म्हणाला. "ऐकायला आल्यात."

प्रियांका थोडी सरकली आणि शेजारची सतरंजी हाताने सारखी केली. "या ना, बसा. आमची शालनमावशी नाशिकहून आली ना, तेव्हाही नक्की या तुम्ही. ती वाचते ते ऐका."

प्रियांकाने आजवर तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. शालन तिच्या शेजारी बसली, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटून ऐकू लागली.