मुलाम्याच्या गोळ्या

लॉरीनने टार्गेटचा कागद फळीवरून ओढून काढला आणि भोकात बोट घातलं. भोक गोल नव्हतं, लांबट होतं. गोळी नाकाने नव्हे, कुशीवर पडून कागदात शिरली होती.

"मनगट," मागून तिचा नवरा डेल्मर म्हणाला. "मनगट ढिलं सोडतेस तू. किती वर्षं सांगतोय?"

सांगत होता खरा. दर शनिवारी, अख्ख्या क्लबच्या देखत. त्या मनगटापायी तिने टीव्हीसमोर बसून इतके रबरी चेंडू दाबले होते, की शेजारणीने संधिवाताचं औषध आणून दिलं होतं.

दोघांची काडतुसं डेल्मर घरीच, गॅरेजमध्ये भरायचा. आज निघण्यापूर्वी लॉरीनने तिच्या पिवळ्या डब्यातलं एक काडतूस ठोकून उघडलं होतं. गोळीवरचा तांब्याचा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याएवढा, आणि काडतुसाचं तोंड आवळताना तोही चिरलेला. आत राखाडी शिसं दिसत होतं. असा मुलामा फाटला की गोळी सरळ जात नाही, हवेत कोलांट्या खाते. मग तिने त्याच्या डब्यातलं एक उघडलं. त्याच्या गोळीला तांब्याचं चांगलं जाड कवच होतं. तेवढ्याच जोराने आवळूनही त्या कवचावर नुसता वळ उठला होता.

ती चिरलेली गोळी तिने आता टेबलावर ठेवली.

"हे काय आहे, डेल्मर?"

"गोळी आहे. तांबं ते तांबं. मुलामा काय नि कवच काय, कागदाला काही कळत नाही."

"मग तू का नाही मारत मुलाम्याच्या?"

"अगं, सरावाला स्वस्तातल्या बऱ्या असतात. तू अजून शिकतेयस."

शिकतेय! क्लबच्या संघात एकच जागा उरली होती, आणि नेब्रास्काच्या स्पर्धेला डेल्मरने जायचं की तिने, हे आज ठरायचं होतं. लॉरीनची कानशिलं तापली. तरी त्याला खरंच ठाऊक नसेल, असं तिच्या मनात येत होतं. चाळीस वर्षांची सवय, हात त्याच जोराने आवळत असेल.

क्लबचा कप्तान ऑर्विल कॉफीचा थर्मास घेऊन आला. "कोण आधी?"

"मी," लॉरीन म्हणाली. "पिस्तुलं आमची एकाच बनावटीची आहेत, तर डबे बदलून मारतो आज. सारखंच आहे म्हणे."

डेल्मरचा हात झटकन आपल्या डब्यावर गेला.

"आज नको," तो म्हणाला. "आज निवड आहे."

ऑर्विल कॉफी ओतायचा थांबला. आपण काय बोलून बसलो, ते डेल्मरच्या उशिरा लक्षात आलं. त्याची मान लाल झाली.

म्हणजे ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं. लॉरीनला इतका संताप आला, की तिला क्षणभर समोरचं दिसेना. तिने त्याच्या हाताखालचा डबा ओढला. त्याने तो सोडला.

ती काडतुसं भरू लागली.

"आणि तू, डेल्मर?" ऑर्विलने विचारलं. "हिच्यानंतर तुझं नाव लिहू ना?"

टेबलावर आता पिवळा डबाच उरला होता. डेल्मरने त्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं.

"नको लिहूस," तो म्हणाला. "मी आज नाही मारत."